नळीवरचं नाव आणि माशीची निगा

प्रश्न असा आहे. एका नेमबाजाकडे लष्करी रायफलीची नागरी आवृत्ती नुकतीच आली आहे. परवान्यावर तिचं एक नाव आहे, नळीवर दुसरंच कोरलंय आणि रेंजवरचे लोक तिला तिसऱ्याच नावाने ओळखतात. यातलं खरं नाव कोणतं? शिवाय साइट्स, म्हणजे नेम धरायच्या खुणा, जुन्या आहेत, कडेला गंज धरलाय, माशीचा, म्हणजे समोरच्या साइटचा, काळा रंग उडालाय. त्यांची निगा कशी राखायची?

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण माझ्या लेखी ते एकच आहेत. साइटवर जे आकडे कोरलेले असतात ते एका ठरावीक काडतुसासाठी आणि एका ठरावीक लांबीच्या नळीसाठी असतात. ते काडतूस कोणतं आणि ती नळी कोणती, हे रायफलीचं नाव सांगतं. नाव चुकलं तर साइट कितीही स्वच्छ ठेवली तरी तिच्यावरचा आकडा खोटं बोलणार. मी अनेक वर्षं आर्मररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्तीचं काम केलं आणि त्यानंतर नेमबाजांच्या रायफली दुरुस्त करत आलोय. ‘साइट बिघडली’ म्हणून टेबलावर आलेल्या कितीतरी रायफलींची साइट ठणठणीत होती, फक्त मालकाला आपली रायफल नक्की कोणती ते ठाऊक नव्हतं.

सुरुवात सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एआर-१५ या अमेरिकी रायफलीपासून करू. एआर म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, ते आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आलेलं आहे. त्याच कंपनीची एआर-७ ही .२२ बोअरची छोटी सर्व्हायव्हल रायफल होती आणि एआर-१७ तर चक्क शॉटगन होती. १९५९ मध्ये आर्मालाइटने एआर-१५ चे हक्क कोल्ट कंपनीला विकले. अमेरिकी लष्कराने घेतली ती एम-१६ झाली, आणि एकेक गोळी झाडणारी नागरी आवृत्ती कोल्टने एआर-१५ या नावाने बाजारात आणली. ते नाव कोल्टच्या मालकीचं राहिलं, म्हणून त्याच घडणीची रायफल बनवणाऱ्या बाकीच्या कंपन्यांनी आपापली नावं दिली. रेंजवर सगळ्यांना सरसकट एआर म्हणतात, ते बोलायला ठीक आहे. सुटा भाग मागवताना मात्र ते पुरत नाही.

एम-१ या अमेरिकी लष्करी नावाचा गोंधळ याहून मोठा. एम-१ गॅरँड वेगळी, एम-१ कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) वेगळी, दोघींची काडतुसंही वेगळी. एम-१-ए-१ म्हटलं की घडीच्या दस्त्याची पॅराट्रूपरांची कार्बाइन. आणि एम-१-ए म्हटलं की एम-१४ या लष्करी रायफलीची नागरी आवृत्ती, जी स्प्रिंगफील्ड आर्मरी नावाची खासगी कंपनी बनवते. याच नावाचा अमेरिकी सरकारचा जुना कारखाना मॅसॅच्युसेट्समध्ये होता आणि तो १९६८ मध्ये बंद झाला. त्यामुळे नळीजवळ ‘स्प्रिंगफील्ड’ दिसलं म्हणून ती सरकारी बनावटीची, असं मानू नये.

चिनी ‘टाइप ५६’ हे तर तीन वेगवेगळ्या हत्यारांचं नाव आहे: सिमोनोव्हची एसकेएस कार्बाइन, कलाश्निकोव्हची रायफल आणि एक हलकी मशीनगन. तिघांतही ७.६२ × ३९ चं काडतूस चालतं, पण सुटे भाग एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत. कलाश्निकोव्हच्या रशियन नागरी आवृत्त्यांना प्राण्यांची नावं आहेत. सैगा हे गवताळ प्रदेशातल्या हरणासारख्या प्राण्याचं नाव, आणि वेप्र म्हणजे रानडुक्कर. यातली वेप्र ही आरपीके या हलक्या मशीनगनच्या जाड रिसीव्हरवर (यंत्रणा बसते त्या मधल्या सांगाड्यावर) बेतलेली आहे. चेक बनावटीची व्हीझेड-५८ लांबून कलाश्निकोव्हच वाटते, पण तिची आतली रचना पूर्ण वेगळी. तिच्यासाठी कलाश्निकोव्हची माशी मागवली तर ती पेटीतच पडून राहील.

जर्मन हेकलर अँड कॉखची पद्धत त्यामानाने सरळ आहे. जी-३ ची नागरी बहीण एचके-९१, एचके-३३ ची एचके-९३ आणि एमपी-५ ची एचके-९४. स्वित्झर्लंडमध्ये सेवा संपवून जाणारा सैनिक आपली रायफल विकत घेऊ शकतो. ती एकेरी गोळीबाराची करून देतात आणि तिच्यावर ‘खासगी’ या अर्थाने ‘पी’ अक्षर ठोकतात. तेवढं एक अक्षर दिसलं की त्या रायफलीचं अर्धं आयुष्य कळतं.

आपल्याकडच्या .३१५ रायफलीची गोष्टही याच जातीची. ब्रिटिश काळात .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून .३१५ चं वेगळं बोअर आलं, आणि पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीच्याच धाटणीच्या बोल्टवर (चेंबर बंद करणाऱ्या सरकत्या भागावर) त्याची रायफल बनवली. दिसायला .३०३ ची सख्खी बहीण, पण काडतूस निराळं. त्याच ईशापूरच्या लष्करी ७.६२ रायफलीत २-ए आणि २-ए-१ अशा दोन आवृत्त्या आहेत. त्यांच्यातला मुख्य फरक बॅकसाइटचा, म्हणजे मागच्या साइटचा आहे. पहिलीवर २००० पर्यंतचे आकडे, दुसरीवर ८०० पर्यंतचे. म्हणजे साइट बदलली म्हणून रायफलीचं नाव बदललं. नाव आणि साइट यांचा संबंध याहून स्पष्ट मला कुठे दिसलेला नाही.

आता तुमच्या हातातली रायफल. मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. मगच पुढचं काम. रायफलीवर जिथे जिथे ठसा आहे तो सगळा वहीत उतरवून घ्या: नळीवरचा, रिसीव्हरवरचा, बॅकसाइटच्या पानावरचा (आकडे कोरलेल्या पट्टीवरचा), माशीच्या बैठकीवरचा. चांदणीसारखं चिन्ह असेल तर तेही, कारण ब्रिटिश पद्धतीत मार्क तीन आणि मार्क तीन-चांदणी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ठसा पुसट असेल तर त्यावर पांढरा खडू आडवा घासायचा आणि बोटाने हलकेच पुसायचा. खाचेत अडकलेल्या खडूने अक्षर उठून दिसतं. एरवी अजिबात न दिसणारे आकडे मी असे कित्येकदा वाचलेत.

या सगळ्यात सर्वांत वजनाचा ठसा नळीवरचा, काडतुसाचा. ‘७.६२’ एवढंच वाचून थांबू नका. ७.६२ × ३९, ७.६२ × ५१ आणि ७.६२ × ५४ रिमवालं ही तीन निरनिराळी काडतुसं आहेत. तसंच ‘.२२३ रेमिंग्टन’ आणि ‘५.५६ नाटो’ बाहेरून जुळी दिसतात, पण .२२३ च्या चेंबरमध्ये गोळी नळीतल्या आट्यांना (पिळदार खाचांना) भिडण्याआधीची मोकळी जागा कमी असते. त्यात ५.५६ चं काडतूस झाडलं तर दाब वाढतो. नळीवर .२२३ असेल तर .२२३ च. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: कागदोपत्री परवान्यावरचं नाव आणि क्रमांक रिसीव्हरशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, काडतुसासाठी नळीवरचा ठसा प्रमाण मानायचा, आणि रेंजवरचं नाव गप्पांपुरतं ठेवायचं. परवाना आणि रिसीव्हर जुळत नसतील तर रायफल न वापरता आधी ती नोंद दुरुस्त करून घ्या.

आता साइट. समोरच्या साइटला आपण मराठीत माशी म्हणतो. रशियन लोकही तिला छोटी माशीच म्हणतात, याचा मला नेहमी आनंद वाटतो. ही माशी आणि मागची बॅकसाइट यांच्यामधल्या अंतरावर सगळं गणित उभं आहे. माशी जितकी सरकवली, त्याला लक्ष्याच्या अंतराने गुणायचं आणि या मधल्या अंतराने भागायचं, की गोळी किती सरकेल ते कळतं. कलाश्निकोव्हमध्ये हे अंतर ३७८ मिलिमीटर आहे. म्हणून माशी १ मिलिमीटर सरकली की १०० मीटरवर गोळी साधारण २६ सेंटीमीटर सरकते. तिची माशी पूर्ण एक फेरा फिरवली तर गोळी सुमारे २० सेंटीमीटर वर-खाली जाते. एम-१६ ए-२ च्या लांब नळीवर माशीचा एक टिक (फिरवताना जाणवणारी एक पायरी) १०० मीटरवर साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास आहे, पण तीच माशी आखूड कार्बाइनवर बसवली की एक टिक पावणेपाच सेंटीमीटरच्या वर जातो. मित्राने सांगितलेले टिक तुमच्या रायफलीवर का लागू पडत नाहीत, ते इथे कळतं.

दिशा लक्षात ठेवायला मी शिकाऊ मुलांना एकच वाक्य पाठ करून घेतो: गोळी जिकडे गेली तिकडे माशी न्यायची, आणि गोळी जिकडे हवी तिकडे बॅकसाइट न्यायची. गोळी वर लागतेय, तर माशी वर. गोळी डावीकडे लागतेय, तर माशी डावीकडे. एआरच्या माशीपाशी बाण आणि ‘अप’ असं लिहिलेलं असतं, ते गोळी वर नेण्याविषयी आहे. त्या दिशेने फिरवलं की माशी खाली बसते आणि गोळी वर जाते. यात फसणारे बरेच.

आकडे वाचतानाही नाव हाताशी ठेवा. एम-१६ ए-२ च्या ड्रमवर (बॅकसाइटच्या फिरत्या चकतीवर) ८/३ असं असतं, म्हणजे तीच खूण ३०० ची आणि फेरा मारून आल्यावर ८०० ची. काढता येणाऱ्या हँडलवरच्या साइटवर ६/३ असतं. सपाट माथ्याच्या रायफलींसाठी माशीची बैठक थोडी उंच करतात आणि तिच्यावर ‘एफ’ ठसा असतो. माशी खूप वर काढूनही गोळी वरच लागत राहिली, तर आधी तो एफ आहे का बघा. नसेल तर बैठकच चुकीची बसलेली असू शकते. गॅरँडचे आकडे यार्डात आणि एम-१४ चे मीटरमध्ये आहेत, आणि १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. जुन्या सुट्या भागांतून जुळवलेल्या रायफलीवर कुठला ड्रम बसलाय ते तपासलंच पाहिजे. एचके-९१ च्या गोल ड्रमवर १ ते ४ हे अंतराचे आकडे आहेत, पण एमपी-५ च्या घराण्यात तशाच दिसणाऱ्या ड्रमवरची भोकं फक्त लहान-मोठी आहेत, अंतराशी त्यांचा संबंध नाही. कलाश्निकोव्हच्या पानावर सर्वांत मागे रशियन ‘पे’ अक्षर असतं. ती लढाईतली कायमची मांडणी, साधारण ३०० मीटरची. १०० मीटरच्या रेंजवर पान तिथे ठेवून ‘गोळी वर का लागते’ असं विचारत माझ्याकडे आलेले बरेच आहेत.

निगा म्हणजे काय, तर तीन गोष्टी: माशी काळी हवी, बॅकसाइटचं भोक किंवा खाच स्वच्छ हवी, आणि काहीही डुगडुगता कामा नये.

माशीची धार पुन्हा पुन्हा घासून पांढरी पडते. मग ऊन बदललं की एक कड चकाकते, डोळा ती कडच माशी समजतो आणि ग्रूप (लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका) सूर्याबरोबर सरकत जातो. सकाळी लागलेली झिरो (नेम आणि गोळी जुळलेली मांडणी) दुपारी हलली, तर आधी माशी बघा. तात्पुरता इलाज म्हणजे काजळी. कापूर पेटवून त्याच्या धुरात माशी धरली की दाट, मऊ, जराही न चमकणारा थर बसतो. त्याआधी माशी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायची, नाहीतर काजळी तेलावर तरंगते. आणि हे करताना बोल्ट काढून बाजूला, काडतुसं दुसऱ्या खोलीत, स्पिरिटची बाटली झाकण लावून लांब. प्लास्टिकच्या भागाला किंवा चमकणाऱ्या नाइट साइटला आच लागू द्यायची नाही. घरी आल्यावर काजळी पुसून तेलाचं बोट फिरवायचं, कारण काजळी ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली गंज चढतो. ज्यांना धूर नको त्यांनी साइट ब्लॅकचा स्प्रे वापरावा. कायमचा इलाज हवा असेल तर कोल्ड ब्ल्यू, म्हणजे न तापवता धातू काळा करणारं रसायन. तेही आधी तेलाचा अंशही न ठेवता, आणि नंतर पाण्याने धुऊन, कोरडं करून, तेल लावून.

कानस मात्र लावू नका. एक नेमबाज स्पर्धेच्या आठ दिवस आधी रायफल घेऊन आला होता. गोळी खाली लागत होती, म्हणून त्याने माशीचं पातं घरीच घासलं होतं. दिशा त्याची बरोबर होती, माशी बुटकी झाली की गोळी वर जाते. पण कानशीचे चार हात म्हणजे किती, याचा अंदाज त्याला नव्हता. प्रश्न होता गेलेल्या धातूचा. मी व्हर्नियर लावला तर अर्ध्या मिलिमीटरहून जास्त गेलं होतं, आणि मग गोळी त्या मानाने वर लागू लागली होती. पात्याचा माथा एका बाजूला उतरताही झाला होता, त्यामुळे डोळ्याला सपाट रेषाच मिळत नव्हती. ली-एनफिल्ड क्रमांक ४ साठी वेगवेगळ्या उंचीची पाती मिळतात, त्यांच्यावर इंचाच्या हजाराव्या भागात उंची ठोकलेली असते आणि एकेक पायरी ०.०१५ इंचाची असते. अशी एक पायरी १०० मीटरवर जवळपास ५ सेंटीमीटर गोळी हलवते. मी त्याचं पातं बदलून दिलं आणि पाच मिनिटांत काम झालं. त्याला स्पर्धेच्या तोंडावर झालेला मनस्ताप टळला असता, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

अपर्चरच्या, म्हणजे बॅकसाइटमधल्या नेम धरायच्या, भोकात तेलाचा थेंब अडकला की त्याचा पातळ पडदा तयार होतो. उजेडाकडे धरून बघितलं तर तो साबणाच्या फुग्यासारखा रंगीत दिसतो, आणि त्यातून माशी धूसर होते. फुंकर मारा, लाकडी काडी फिरवा, सुती दोरा ओवून काढा. तार, सुई किंवा ड्रिलचं टोक घालू नका. भोकाची कड एकदा झिजली की ती गोल राहत नाही, आणि डोळा केंद्र शोधत बसतो.

गंजासाठी घाई नको. तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने आणि जाड सुती कापडाने घासा, आणि लागलं तर पुन्हा तेच. पॉलिश पेपर लावला की गंजाबरोबर आकड्यांच्या कडाही जातात. आकडे पुसट झाले असतील तर पांढरा मेणखडू चोळून वरचा भाग पुसून घ्या, आकडे पुन्हा वाचता येतात. कलाश्निकोव्ह आणि एसकेएसच्या बॅकसाइटचं पान वर उचललं की खाली सपाट स्प्रिंग आहे. तिथे माती साचते, पान पूर्ण बसत नाही आणि नेम आपोआप वर जातो. महिन्यातून एकदा तिथे ब्रश घालावा. एआरच्या माशीला अडवून ठेवणारी एक बारीक खिट्टी आणि स्प्रिंग असते. तिथे तेलाचा एकच थेंब सोडून खिट्टी चार-पाच वेळा दाबा. ती गोळीच्या टोकाने दाबायची जुनी फौजी सवय आहे, पण जिवंत काडतूस अवजार म्हणून वापरणं मला कधीच पटलं नाही. माशीची चावी स्वस्त मिळते, ती किटमध्ये ठेवा.

गॅरँड आणि एम-१-ए वाल्यांनी एक चाचणी जरूर करावी. बॅकसाइट आठ-दहा टिक वर चढवा आणि अंगठ्याने अपर्चर जोरात खाली दाबा. ते जराही खाली सरकलं, तर बाजूच्या नॉबचा ताण कमी झालाय. अशी साइट प्रत्येक गोळीच्या धक्क्याने थोडीथोडी उतरत राहते, आणि नेमबाज बिचारा आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

माशी किंवा बॅकसाइट डव्हटेल खाचेत (तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद अशा खाचेत) बसवलेली असेल, तर हलवण्याआधी दोन्ही भागांवर मिळून पेन्सिलीने किंवा मार्करने एक सरळ रेघ ओढा. किती सरकलं ते रेघ सांगते, आणि परतीचा रस्ताही राहतो. ठोकायला पितळेचा पंच आणि हलका हातोडा घ्या. काही नागरी आवृत्त्यांत माशीची बैठकच जरा तिरपी बसवलेली असते. फरक थोडा असेल तर माशी बाजूला सरकवून निभतं, पण माशी पार कडेला गेली तर ती रायफल परवानाधारक कारागिराकडेच न्या. नळीवरची बैठक घरी फिरवायची नसते. ट्रिगर आणि बोल्टच्या आतल्या यंत्रणेलाही तसाच हात लावू नका.

नाइट साइटमधला ट्रिटियम (तिला चमक देणारा किरणोत्सारी वायू) दर १२.३ वर्षांनी निम्मा होतो. जुन्या रायफलीचा ठिपका विझलेला दिसला तर ती घाण नसून वय आहे. उकरायचा प्रयत्न करू नका, आत काचेची बारीक नळी असते. दुर्बीण लावली असेल तर धूळ आधी फुंकून काढा, मग मऊ ब्रश, आणि शेवटी लेन्सचं कापड. शर्टाच्या टोकाने पुसलेली काच मला लगेच ओळखू येते.

झिरो जमली की शेवटचं काम वहीत. माशी हळूहळू खाली अडेपर्यंत फिरवा आणि किती टिक लागले ते मोजून लिहा, मग तेवढेच टिक परत वर आणा. बॅकसाइट डावीकडे अडेपर्यंत नेऊन तेच करा. परत आणताना खूण ओलांडू नका. चुकून ओलांडलीच तर मागे जाऊन त्याच दिशेने पुन्हा या, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमधला ढिलेपणा आकड्यात येत नाही. शेजारी काडतुसाचा प्रकार, गोळीचं वजन, अंतर मीटर की यार्ड, आणि नळीवरून उतरवलेलं नाव जसंच्या तसं लिहा. पुढच्या वेळी माझ्याकडे किंवा कुणाही कारागिराकडे येताना रायफलीबरोबर ती वही आणा.